जुन्या घरातील स्वयंपाकघर बेताच्या खर्चात नवे करायचे आहे. पैसे आधी कशावर घालावेत?

प्रश्न
आमचे घर बरेच जुने असून स्वयंपाकघराला बांधकाम झाल्यापासून कोणाचा हात लागलेला नाही. ओटा इतका बुटका आहे की चिराचिरी करतानाच कंबर भरून येते, सिंकखालच्या कपाटाची तळफळी ओल लागून फुगली आहे, आणि फ्रिज, मिक्सर व ओव्हन यांना मिळून दोनच प्लग आहेत. भिंतीवरच्या टाइल्स मात्र बहुतेक शाबूत आहेत. सगळे तोडून नवे करण्याची ऐपत सध्या नाही. काय बदलावे, काय ठेवावे आणि टाइल्सवरच नव्या टाइल्स बसवणे टिकते का, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे.

उत्तर १
भिंतीच्या आत जे दडलेले आहे, त्याला पहिला मान द्या, कारण शटर आणि रंग पुढे केव्हाही बदलता येतात, पण नव्या टाइल्समागचा पाइप गळू लागला तर त्या टाइल्स फोडाव्याच लागतात. जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात. सकाळी पहिले पाणी तांबूस येत असेल किंवा टाकी भरलेली असूनही धार बारीक पडत असेल, तर ते आताच बदलावेत. सिंक शक्यतो आहे तिथेच राहू द्या. सांडपाण्याच्या पाइपाला साधारण 40 फुटांमागे 1 फूट उतार लागतो, त्यामुळे सिंक दूर नेल्यास फरशी उकरण्याचा खर्च अंगावर येतो.

विजेचेही तसेच आहे. 2000 वॅटचे उपकरण 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह घेते. अशी दोन उपकरणे एकाच जुन्या वायरवर चालली, तर ती तापणारच. ओव्हनला स्वतंत्र वायर व एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) द्या, अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. पाण्याशेजारी विजेची उपकरणे वापरली जातात, म्हणून या खर्चात काटकसर करू नये असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर २
टाइल्सवर टाइल्स बसवता येतात, मात्र जुन्या टाइल्सची पकड पक्की हवी. नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून पाहा. पोकळ आवाज आला की ती काढून ती जागा भरून घ्यावी. गुळगुळीत पृष्ठभाग ग्राइंडरने खरखरीत करून, त्यासाठीच असलेले टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरावे. नुसते सिमेंट तिथे धरत नाही. नव्या थराची जाडी 10 मिलिमीटरच्या आसपास होत असल्याने स्विचबोर्डचे डबे आत जातात, हे वायरमनला आधीच सांगून ठेवा. तुमच्या टाइल्स शाबूत असतील, तर सांधे खरवडून नवे ग्राउट भरणे हा त्याहून स्वस्त मार्ग आहे, आणि मी तोच निवडला असता.

उत्तर ३
कपाटे सरसकट काढू नयेत. सांगाड्याच्या फळ्या तळाशी आणि कोपऱ्यांत टोच्याने टोचून पाहाव्यात. टोच्या सहज आत गेला तर ती फळी बाद, नाहीतर सांगाडा ठेवून फक्त शटर, बिजागऱ्या आणि ड्रॉवर सरकवणारे चॅनेल बदलले तरी रूप पालटते. बिजागरीचे स्क्रू सैल झाले असतील, तर छिद्रात लाकडाची बारीक खुंटी गोंद लावून ठोकावी, गोंद पूर्ण वाळू द्यावा, जादा भाग पटाशीने सपाट करावा आणि मग नवे छिद्र पाडून स्क्रू पिळावा. असे केलेले काम वर्षानुवर्षे हलत नाही. सिंकखाली मात्र पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) अजिबात नको, तिथे जलरोधक प्लायवूडच घ्या आणि त्याच्या कापलेल्या कडाही सील करून घ्या.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाणे वाजवून पाहिले. सिंकमागच्या काही टाइल्स पोकळ आहेत, बाकी सर्व घट्ट आहेत. आता एकच शंका उरली आहे: ओट्याचा ग्रॅनाइट चांगला असल्याने तोच काढून, ओटा उंच करून पुन्हा बसवता येईल का?

उत्तर ३
येईल, परंतु सिंकच्या कापाच्या पुढे-मागे दगडाची अरुंद पट्टी उरते आणि उचलताना तो नेमका तिथेच तडकतो. म्हणून आधी सिंक काढून, त्या पट्ट्यांना लांब लाकडी दांडा शिकंज्याने आवळून मगच दगड हलवावा. उंची ठरवताना घरात सर्वाधिक वेळ स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे आणि त्याच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली ओटा यावा.

उत्तर १
ओटा उचलणारच असाल, तर पाइप आणि वायरिंगचे काम तो उघडा असतानाच उरकून घ्या. सिंकमागच्या पोकळ टाइल्स म्हणजे तिथे ओल असण्याची शक्यता. त्या काढल्यावर भिंत पूर्ण सुकेपर्यंत गवंड्याला नवे काम सुरू करू देऊ नका.