विषय: गणपतीतलं बोन मॅरोचं टेबल, कंपनीचे तास आणि एक विनंती

प्रेषक: आरोग्य समिती, ब्रिजवॉटर

नमस्कार मंडळी,

यंदाही आपल्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या गणपतीत, शनिवारी शाळेच्या लॉबीत बोन मॅरो नोंदणीचं टेबल लावतोय, म्हणजे गरजू रुग्णाला बोन मॅरो (हाडातली रक्त तयार करणारी मज्जा) द्यायला तयार असणाऱ्यांची नावं नोंदवायचं. आपल्या यादीवर औषधं, उपकरणं, हॉस्पिटल, विमा अशा आरोग्याच्याच क्षेत्रात नोकरी करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा मेल मुख्यतः त्यांच्यासाठी.

माझी कंपनी वर्षाला १६ तास स्वयंसेवेची भरपगारी रजा देते. शिवाय सुट्टीच्या दिवशी केलेले तास पोर्टलवर भरले, तर त्या संस्थेला कंपनीकडून पैसे जातात. तुमच्याकडे काय नियम आहेत ते एचआरला विचारा. भरपगारी रजेतले तास अनुदानासाठी धरत नाहीत अशा कंपन्याही आहेत. दोन्ही नाही जमलं तरी या. माणसं हवीत.

आता विनंती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही असंच टेबल लावलं होतं. कंपनीच्या फॉर्मवर 'किती लोकांपर्यंत पोचलात' असा रकाना होता आणि तो भरायची मला घाई होती. रांग लावून कापसाच्या काड्या गालात फिरवून घेतल्या, पाकिटं बंद केली, बारकोड चिकटवले. एकेकाला दोन मिनिटंही दिली नाहीत. पुढच्या वर्षी त्यातल्या एका मुलाला फोन आला की तुझी जुळणी होतेय. मला त्याच्या आईने फोन करून सांगितलं, "ताई, तो नाही येणार. आम्हाला कुणी हे नीट सांगितलंच नव्हतं." मी काय उत्तर देणार होते? सांगितलं नव्हतंच. तो रुग्ण कोण, त्याचं पुढे काय झालं, हे मला कधी कळणार नाही.

म्हणून यंदा आकडा नको. एकेकाशी दहा मिनिटं बोलायचं, आणि मुलगा कॉलेजचा असेल तर आईबाबांनाही जवळ बोलवायचं.

०००

प्रेषक: खजिनदार

ताई,

टेबलाला कार्यकारिणीचा पूर्ण पाठिंबा. पैशांचं मात्र आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण काल दोघांनी विचारलं की हे तास मंडळाच्या नावावर भरून मंडळाला अनुदान मिळवता येईल का.

माझं मत, नको. आपण ५०१ सी ३ (करमुक्त धर्मादाय संस्था) आहोत, ईआयएन (संस्थेचा कर क्रमांक) आहे, पोर्टलवर नावही सापडेल. पण धार्मिक कार्यक्रमाला पैसे द्यायचे नाहीत असा बहुतेक कंपन्यांचा नियम असतो, आणि आपला कार्यक्रम आरतीने सुरू होतो. टेबलाचं काम नोंदणी चालवणाऱ्या एनएमडीपीचं आहे (मिनियापोलिसची संस्था, २०२४ पर्यंत 'बी द मॅच' नावाने ओळखली जायची). तास तिच्याच नावावर भरा, पैसेही तिकडेच जाऊ द्या. काडी फिरवणाऱ्याला काही खर्च नाही, पण तपासणीचा खर्च संस्था देणग्यांतून भागवते.

दुसरं, जेवणाचं तिकीट आणि वार्षिक वर्गणी मॅचिंगला (आपल्या देणगीला जोडून कंपनीही पैसे देते त्या योजनेला) लावू नका. त्याच्या बदल्यात आपल्याला काही मिळतं, म्हणून ती देणगी धरत नाहीत. ७५ डॉलरच्या वर पैसे घेऊन त्यात जेवण वगैरे दिलं, तर त्याची किंमत किती आणि देणगी किती हे लिहून द्यायची जबाबदारी मंडळाची आहे. निव्वळ देणगी दिलीत तर जरूर मॅच करून घ्या. २५० डॉलर किंवा जास्त असेल तर माझ्याकडून पत्र घेतल्याशिवाय करात वजावट मागू नका. ही मॅचिंगची पद्धत इथे चांगली जुनी आहे. जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये कॉलेजांच्या देणग्यांसाठी ती सुरू केली. आपण तिचा फायदा अजून पुरता घेत नाही, याचं मला दर डिसेंबरला वाईट वाटतं.

०००

प्रेषक: एडिसनहून, एक ज्येष्ठ सभासद

ताई, तुझ्या कळकळीबद्दल शंका नाही. पण मी त्या आईच्या जागी असतो, तर मीही मुलाला पाठवलं नसतं. आमच्या पिढीला हाडातून काही काढणार म्हटलं की मणकाच डोळ्यांसमोर येतो. पाठीत सुई, मग जन्माचं दुखणं. शिवाय रुग्णाचे स्वतःचे भाऊबहीण असताना परक्याच्या मुलाला कशाला बोलवायचं? आणि नोंदणीत लाखो लोक असतील, त्यात आपल्या पाचपंचवीस पोरांनी काय फरक पडतो? राग मानू नकोस, हे प्रश्न लॉबीत येणारच आहेत, म्हणून विचारतोय.

०००

प्रेषक: आरोग्य समिती, ब्रिजवॉटर

काका, राग कसला, हेच प्रश्न मला हवे होते.

जुळणी पाहतात ती एचएलएची, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांची. त्यातला अर्धा वाटा आईकडून येतो, अर्धा बाबांकडून. त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आपल्याकडे आता एक किंवा दोनच मुलं असतात. दर दहा रुग्णांमधल्या सातांना घरात पूर्ण जुळणारा दाता मिळत नाही. मग बाहेर शोधायचं, आणि तिथे वंश आडवा येतो, कारण एचएलए आपल्या पूर्वजांकडून आलेलं असतं. एनएमडीपीच्या आकड्यांप्रमाणे गोऱ्या रुग्णाला नोंदणीत पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के आहे, आशियाई वंशाच्या रुग्णाला ४७ टक्के. अलीकडे अर्धवट जुळणाऱ्या दात्याकडूनही प्रत्यारोपण करतात, त्याने वाट थोडी रुंद झाली आहे. तरी नोंदणीत लाखो असून आपल्या माणसाला आपलं कुणी सापडत नाही, ते यामुळे. पाचपंचवीस पोरांनी फरक पडतो, काका. एकानेही पडतो.

मणक्याबद्दल मी सांगण्यापेक्षा ज्याने दिलंय त्यानेच लिहावं.

०००

प्रेषक: जर्सी सिटीहून

काका, नमस्कार. मी दिलंय, तेविसाव्या वर्षी.

मणक्याला कुणी हात लावत नाही. बोन मॅरोच काढायची असेल तर भूल देऊन कमरेच्या हाडातून, मागच्या बाजूने काढतात. पण बहुतेक दात्यांकडून रक्तातूनच मूळपेशी (ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या) घेतात, माझ्याकडूनही तशाच घेतल्या. आधी पाच दिवस रोज एक इंजेक्शन. तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि मांड्या ठणकायला लागल्या, फ्लूमध्ये अंग मोडून येतं तसं. खोटं सांगणार नाही, चौथ्या रात्री झोप लागली नाही. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त यंत्रात, दुसऱ्या हातातून परत, असं कित्येक तास पडून राहिलो. आई शेजारी बसून होती. वरच्या पिशवीत हळूहळू जे साठत होतं त्याचा रंग टोमॅटोच्या सारासारखा होता. आई त्याच्याकडे बघत म्हणाली, "एवढंसंच?" आठवड्याभरात मी पुन्हा धावायला जात होतो. प्रवास, हॉटेल, सगळं संस्थेने दिलं, आईचंसुद्धा.

माझा साहेब चांगला होता, रजा मिळाली. न्यूयॉर्क राज्यात काम करणाऱ्यांसाठी सांगतो, २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर बोन मॅरो देण्यासाठी २४ तासांपर्यंत रजा द्यावी लागते असा तिथे कायदाच आहे. आरोग्य कंपन्यांत असलेल्यांनी आपल्या एचआरला हेही विचारा. टेबलावर बसायला १६ तास मिळतात, मग प्रत्यक्ष द्यायला किती मिळतात?

ताईंच्या म्हणण्यात एक भर घालतो. 'नाही' म्हणायचा हक्क शेवटपर्यंत दात्याकडे असतो. पण तारीख ठरली की रुग्णाला आधी जबर केमो देतात, त्याची स्वतःची बोन मॅरो संपवतात. त्यानंतर दाता मागे फिरला, तर रुग्णासाठी परतीची वाट नसते. हे मुलांना टेबलावरच सांगा. ऐकून चार जण उठून गेले तर जाऊ देत.

०००

प्रेषक: एडिसनहून, एक ज्येष्ठ सभासद

पोरा, तुझा मेल हिला मोठ्याने वाचून दाखवला. टोमॅटोच्या सारापाशी दोघंही थांबलो.

ताई, मी नोंदणीच्या वयात बसत नाही. पण आईबापांशी बोलायला एक खुर्ची माझ्यासाठी ठेव. त्यांच्या मनात काय असतं ते मला माहीत आहे, काल माझ्याच मनात होतं.

०००

प्रेषक: आरोग्य समिती, ब्रिजवॉटर

काका, खुर्ची ठेवली. तुम्ही अडीच ते पाच.

बाकीचं झटपट. नोंदणीचं वय १८ ते ४०, त्यातही डॉक्टर बहुतेक पस्तिशीच्या आतले दाते निवडतात. टेबल चपलांच्या रॅकपासून लांब, प्रसादाच्या रांगेआधी, कारण तोंडात मोदक असताना काडी फिरवता येत नाही. मागे यावरून फार गोंधळ झाला होता. प्रशिक्षण गुरुवारी दुपारी आहे, भरपगारी तास तिथे वापरा. शनिवारचे तास ज्याने त्याने आपापल्या पोर्टलवर भरायचे, ३१ डिसेंबरच्या आत.

दुपारी बारा ते अडीच अजून दोघं हवेत. जर्सी सिटीकर, तुला जमेल का? आईला जमलं तर त्यांनाही घेऊन ये.