सिस्टरांचा झगा की साडी?

पाचूबंदर: भारतातल्या कॅथलिक धर्मभगिनींनी युरोपीय झगा सोडून साडी नेसावी, असं माझं ठाम मत आहे. संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत, ५५व्या प्रकरणात, म्हटलंय की कपडे हवामान पाहून द्यावेत: थंड प्रदेशात जास्त, उष्ण प्रदेशात कमी. १९६५च्या ‘पर्फेक्ते कारितातिस’ या व्हॅटिकनच्या आदेशाचं १७वं कलमही सांगतं की पेहराव साधा, आरोग्याला मानवणारा, स्थळकाळाला आणि कामाला साजेसा असावा. तसा नसेल तर बदलावा. मग मे महिन्यात वसईत टेरिकॉटचा पायघोळ झगा कशासाठी?

रमेदीकर: दोष टेरिकॉटचा, झग्याचा नव्हे. टेरिकॉट टिकतो, इस्त्री कमी मागतो. पण घाम शोषत नाही. तोच झगा सुती पॉपलिनचा, काखेत चौकोनी तुकडा जोडून सैल शिवला तर हवा खेळते. कापड आधी भिजवून आटवून घ्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यातच झगा घोट्याच्या वर चढतो. साडीला साडेपाच मीटर कापड, झग्याला साधारण चार. आणि कॅनन ६६९, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं कलम, पेहरावाला समर्पणाचं चिन्ह आणि दारिद्र्यव्रताची साक्ष म्हणतं. साध्या साडीतली सिस्टर गर्दीत ओळखणार कशी?

सुती_काठ: मिशनरीज ऑफ चॅरिटीची साडी कोण ओळखत नाही? मदर तेरेसांनी १९४८मध्ये ती अंगीकारली. पांढरं सुती कापड, तीन निळ्या रेघा, त्यातली एक रुंद. डाव्या खांद्यावर क्रूस. कोलकात्याजवळ टिटागढला कुष्ठरोगी विणकर ती विणतात. प्रत्येकीकडे तीनच साड्या: एक अंगावर, एक धुण्यात, एक राखीव. दारिद्र्यव्रताची याहून स्वच्छ साक्ष मला दिसत नाही. आणि तुमच्या चार मीटरांत स्कॅप्युलर, म्हणजे खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी पट्टी, धरलीच नाही. ती एकटीच अडीच मीटर लांब. वर व्हेल, म्हणजे डोक्यावरून घ्यायचं वस्त्र. पावसाळ्यात साडी एकेरी पसरून वाळते. झग्याची दुहेरी कॉलर आणि जाड दुमड ओलसर राहते, तिथेच कुबट वास धरतो.

रमेदीकर: त्या साडीच्या आत लांब बाह्यांचा पांढरा झगा असतोच! वर साडी, कमरेला दोरी. थर कमी झाले कुठे?

शिरोवस्त्र: झगा हीच ‘मूळ परंपरा’ हा समज मला मान्य नाही. १६३३मध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी डॉटर्स ऑफ चॅरिटी सुरू केली, तेव्हा त्या भगिनी पॅरिसच्या आसपासच्या खेडवळ बायकांसारखेच कपडे घालत. पुढे त्यांच्या शिरोवस्त्राची खळ घालून ताठ केलेली, पंखांसारखी कॉर्नेट झाली. खळ जरा कमी पडली किंवा पाऊस लागला की पंख खाली पडत. आजूबाजूचं नीट दिसत नसे, दारातून जाताना अडचण. सप्टेंबर १९६४मध्ये संस्थेनेच ती काढली. स्थानिक बाईचा पेहराव हेच मूळ असेल, तर आज सलवार-कमीजलाही तितकाच हक्क आहे, हे साडीवाल्यांनी मान्य करावं.

पाचूबंदर: मान्य, विशेषतः दवाखान्यात. रुग्णावर वाकलं की पदर सुटतो आणि पिन टोचते.

रमेदीकर: दवाखान्यात स्कॅप्युलरही उतरवावं, ते खाटेच्या कडेत अडकतं. पण कोपरापर्यंत बाही आणि खांद्यापर्यंतच आखूड व्हेल असलेला सुती झगा तिथे सलवार-कमीजइतकाच सोयीचा आहे. फक्त रोज बदलायचा तर जोड तीन हवेत. दोनवर पावसाळा निघत नाही.