सरावातली आग आपणच लावलेली असते

शिडीवाला : काल 'पोलादी' यांनी लिहिले की, सरावात दोनचार पोरे चक्कर येऊन पडली तर पडू द्यावीत, कारण लाडावलेला जवान खऱ्या आगीत सगळ्यांत आधी कोसळतो. अग्निशमन दलात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाचून गप्प राहवले नाही. वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आल्यावर, गेलो की आपण जो धोका पत्करतो, त्याच्या पलीकडे कुणाचा तरी जीव असतो. सरावातली आग मात्र आपणच लावलेली असते, वेळही आपणच ठरवतो आणि आत अडकलेले कुणी नसते. मग तिथे जवान गेला तर तो कुणाला वाचवताना गेला? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिलला सप्टेंबर २००१ मध्ये एका रिकाम्या घरात असाच सराव झाला. दलात नुकत्याच आलेल्या १९ वर्षांच्या मुलाला 'अडकलेला माणूस' म्हणून वरच्या मजल्यावर झोपवले, खाली फोमच्या गादीने पेट घेतला आणि तो मुलगा गेला. सराव घेणारा अधिकारी फौजदारी खटल्यात दोषी ठरला. पेटत्या घरात जिवंत माणसाला बळी म्हणून ठेवू नये, हा नियम तिथल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या, सरावातल्या आगींसाठीच्या एनएफपीए १४०३ या मानकात तेव्हाही होता.

पोलादी : अमेरिकेचे दाखले इथे कशाला? आपल्याकडे रिकामी घरे पेटवून सराव करतोच कोण? ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळून मुंबईने चार अधिकारी गमावले. ती इमारत 'सुरक्षा अधिकारी कुठे आहे' असे विचारून कोसळली नाही. गॅसवर चालणाऱ्या, बटण दाबले की विझणाऱ्या आगीत शिकलेल्या मुलाला खरा काळा धूर कसा ओळखता येणार?

शिडीवाला : काळबादेवीला गेलेले अधिकारी अननुभवी नव्हते. कोसळणारी इमारत कडक कवायतीने थांबत नाही, त्यामुळे त्यांचे नाव या वादात ओढू नका, ही विनंती. गॅसच्या आगीबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. तिचा धूर फसवा असतो आणि तिच्यावर शिकलेल्या मुलाला खोलीची धग वाचता येत नाही. म्हणूनच लाकूड आणि पेंढा पेटवून सराव घ्यावा, पण आधी प्रत्येकाला ती जागा आतून फिरवून दाखवावी आणि पाच जणांमागे एक प्रशिक्षक ठेवावा.

नेवार्ककर : मी न्यू जर्सीत स्वयंसेवक अग्निशामक आहे. आमच्याकडे आत जाणारा प्रत्येक जण नावाचा बिल्ला दारावरच्या माणसाकडे देतो आणि बाहेर आला की परत घेतो. माझ्या पहिल्या सरावात मी बिल्ला न देताच आत गेलो. बाहेर आल्यावर मला सगळ्यांसमोर तासभर नुसते उभे केले आणि पुढच्या फेरीला घेतले नाही. राग आला होता. आजही थोडा आहे. पण त्यानंतर बिल्ला कधी विसरलो नाही.

धाकट्याची_ताई : आग, गॅस आणि बिल्ले राहू द्यात; पाण्याचे काय, तेवढे सांगा. माझा भाऊ भरती झाला त्या वर्षी १४ एप्रिलच्या प्रात्यक्षिकाची रंगीत तालीम होती. पाहुणे दोन तास उशिरा आले. मुले जाड कोट, हेल्मेट आणि पाठीवर बीए सेट (हवेच्या बाटलीचे श्वसनयंत्र) घालून उन्हात रांगेत उभी होती. भावाने पाणी मागितले तर 'पाणी मागणारा कच्चा' असे ऐकवले गेले. तो पडला, तेव्हा कोटाची बटणे इतकी तापली होती की उघडणाऱ्याची बोटे भाजली. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशामकांचे स्मरण करायचे आणि त्याच निमित्ताने मुलांना उन्हात वाळत घालायचे, हे कुठल्या शिस्तीत बसते?

पोलादी : तो सरावच नव्हता, तो देखावा होता. देखाव्याचा राग सरावावर काढू नका. आणि आमच्या वेळीही पाणी मिळत नसे, तरी आम्ही मेलो नाही.

रुग्णालयातून : जे मेले ते इथे लिहायला आलेले नाहीत, साहेब. कोट जसा बाहेरची धग आत येऊ देत नाही, तसाच आतला घामही वाळू देत नाही; त्यामुळे शरीराला स्वतःला थंड करण्याचा मार्गच उरत नाही. अमेरिकेत कर्तव्यावर होणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंत वर्षानुवर्षे सर्वांत मोठा वाटा भाजण्याचा नसून अचानक हृदय बंद पडण्याचा आहे. उन्हाची सवय दहाबारा दिवसांत हळूहळू लावता येते, हे खरे, पण तहानेची सवय लावता येत नाही. जो मुलगा अचानक असंबद्ध बोलू लागतो, त्याला 'नाटक करतो' म्हणून झापण्याऐवजी ताबडतोब कोट काढून गार पाण्याने भिजवावे.

पोलादी : ठीक आहे, पाणी द्या. हवे तर लिंबू सरबताचा स्टॉलही लावा आणि प्रत्येकामागे एक छत्री धरणारा नेमा. पण मग वर्दीवर कोण छत्री धरणार, तेही लिहा.

शिडीवाला : वर्दीवर कुणी धरणार नाही, आणि म्हणूनच मैदानावर मुलाला स्वतःची मर्यादा कळायला हवी. बीए सेटची बाटली कागदावर ४५ मिनिटांची असली, तरी शिडी चढून, होज ओढत गेलेला जवान ती जवळपास निम्म्या वेळात संपवतो. बाटलीतला दाब सुमारे ५५ बारवर उतरला की हवा संपत आल्याची शिट्टी वाजते. माझ्या एका प्रशिक्षकांनी ती शिट्टी ऐकूनही 'अजून एक फेरी' म्हटले होते, तेव्हा मी गेलो आणि परत येताना गुडघ्यावर आलो. पुढे मी स्वतः प्रशिक्षक झालो, तेव्हा एकदा माझ्याही तोंडून तेच तीन शब्द निघाले. समोरचा मुलगा म्हणाला, "सर, शिट्टी वाजली आहे." मला अपमान वाटला. त्याला बाहेर पाठवले आणि दिवसभर त्याच्याशी बोललो नाही.

पोलादी : त्याच्या जागी मी असतो, तर फेरी मारली असती.

धाकट्याची_ताई : मारली असती, आणि मग माझ्यासारखी तुमचीही ताई इथे लिहीत बसली असती.