सांताक्रूझचं टी-१ पाडणार म्हणजे नक्की काय होणार?

दहिसरकर_निवांत
मंडळी, मुंबई विमानतळाच्या टी-१चं नक्की काय चाललंय हे कुणाला नीट माहितीये का? म्हणजे आपलं सांताक्रूझचं जुनं डोमेस्टिक टर्मिनल. आधी बातम्या आल्या की नोव्हेंबर २०२५ पासून पाडायला घेणार, मग ते पुढे ढकललं, आता फॅमिली ग्रुपवर एका काकांनी टाकलंय की सगळी फ्लाइट्स पनवेलला, म्हणजे नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर हलवणार आणि टी-१ला टाळं. आमचं घर दहिसरला, आई-बाबा ताईकडे इंदूरला येऊन जाऊन असतात, हायवेने सरळ टी-१ला उतरायची सवय झालीये, त्यांना नवी मुंबई म्हणजे परदेशच वाटतं. पाडायची खरंच गरज आहे का, डागडुजी करून भागणार नाही का? आणि नवीन बांधलं तर फ्लाइट्स वाढणार की नुसती काच, एसी आणि दुकानं?

पार्लेकर_पूर्व
फ्लाइट्स वाढतील हे डोक्यातून काढून टाका. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, ०९-२७ ही मोठी आणि १४-३२ ही तिरकी, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. मुख्य धावपट्टीवर तासाला ४६ विमानं उतरवत-उडवत होते, एका धावपट्टीवर एवढं जगात फार कमी ठिकाणी जमतं, पण विमानं वर घिरट्या घालत बसायची म्हणून २०२४ च्या सुरुवातीला सरकारने गर्दीच्या तासांत ते ४४ वर आणायला लावलं. दुरुस्तीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात तेव्हा आमच्या गॅलरीत पहिल्यांदा कावळे ऐकू येतात, खोटं नाही.

आणि समांतर धावपट्टी टाकायला जागाच नाही, एका अंगाला कालिना, कुर्ला, जरीमरी आणि दुसऱ्या अंगाला आम्ही, त्यात मिठी नदी धावपट्टीच्या खालून नेलीये. तेव्हा नव्या टी-१ची क्षमता वर्षाला दीड कोटीवरून दोन कोटी प्रवासी म्हणतात ना, ते दोन कोटी आणणार कोण? मोठी विमानं आली तरच. माझ्या मते हा सगळा खर्च बसायच्या जागेवर आहे, उडायच्या जागेवर नाही.

सळई_आणि_सिमेंट
पार्लेकरांचं धावपट्टीचं बरोबर आहे, पण म्हणून टर्मिनल पाडू नका हे पटत नाही. टी-१ ही एक इमारत नाहीच, ए, बी, सी असे वेगवेगळ्या काळात बांधलेले भाग एकमेकांना जोडलेत. जुन्या बांधकामात खांब जवळजवळ, छत खाली, आणि आताच्या बॅग तपासायच्या मशीन लांबलचक आणि वजनदार. ते सगळं बसवायचं तर पट्टा दहा ठिकाणी वळवावा लागतो आणि जिथे वळण तिथे बॅग अडकते. रंगरंगोटी करून हे सुटत नाही, स्लॅबच वेगळा लागतो.

खरा प्रश्न पाडायचं कसं हा आहे. मी टी-२च्या साइटवर एका सबकॉन्ट्रॅक्टरकडे होतो. तिथे १९८१ चं सहारचं जुनं टर्मिनल चालू ठेवून नवीन त्याच्या भोवतीने बांधलं, म्हणून तर त्याचा आकार तसा इंग्रजी एक्ससारखा आहे. एक भाग उभा करायचा, प्रवासी तिकडे न्यायचे, मग जुना तुकडा पाडायचा, परत पुढचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये इंटरनॅशनल सुरू झालं तेव्हा मागे काम चालूच होतं, डोमेस्टिक नंतर आलं. क्रेनचा बूमसुद्धा किती वर न्यायचा याची परवानगी लागायची, विमानांच्या वाटेत नको म्हणून, आणि बरंचसं काम रात्रीचं. टी-१ला ही सोय कमी, कारण जागा चिंचोळी. म्हणून नवी मुंबई नीट चालल्याशिवाय हात लावणार नाहीत असा माझा अंदाज, आणि तेच शहाणपणाचं आहे.

उलव्याचा_पोरगा
"पनवेलला हलवणार", "परदेश", वा रे वा 😄 आम्ही काय माणसं नाय का? विमानतळासाठी आमच्याकडची दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह फिरवला, तेव्हा मुंबईत कुणी विचारलं नाय की यांना लांब पडेल का. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली, आणि विमानतळाला आमचे प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून किती मोर्चे काढले ते विचारू नका. आता सगळ्यांना आठवण येतेय की टी-१ जवळ होतं.

बाकी माहितीसाठी: पहिल्या टप्प्यात ३,७०० मीटरची एक धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवासी, सगळं झाल्यावर नऊ कोटी. दुसरी धावपट्टी समांतर होणार आहे, छेदणारी नाय. पार्लेकर, तुम्हाला पाहिजे ती उडायची जागा इथे आहे.

सदाशिव_पेठी
आम्हाला तर एक्सप्रेसवे उतरलं की विमानतळ, मुंबईत शिरायलाच नको. लोहगावला नवीन टर्मिनल २०२४ मध्ये झालं, छान आहे, पण धावपट्टी हवाई दलाची, त्यांच्या वेळा सांभाळून आपलं चालायचं. टी-१ पाडा नाहीतर ठेवा, पुण्याला फरक पडत नाही.

कटिंग_चाय
पुण्याला कशानेच फरक पडत नाही हे माहितीये 🙏

पण पैशाचं कुणीच बोलत नाहीये. असली कामं कंपनी काही खिशातून देत नाही, ऐरा म्हणजे विमानतळांचे दर ठरवणारी सरकारी संस्था खर्च मान्य करते आणि तो यूडीएफ, म्हणजे प्रवाशांकडून घ्यायचं विमानतळाचं शुल्क म्हणून तिकिटात येतो. मुंबईत २०२५ पासून जाताना पण घेतात आणि येताना पण. म्हणजे टी-१ पत्र्याआड जाणार, आई-बाबा पनवेलला टॅक्सीचे पैसे मोजणार, आणि वर न बघितलेल्या टर्मिनलचा हप्ताही भरणार. बांधा ना, चांगलं बांधा, पण वापरायला मिळाल्यावर घ्या की.

सळई_आणि_सिमेंट
@कटिंग_चाय हे मात्र मान्य. पण आधी पैसे नाहीत तर बांधणार कशातून असं ते म्हणतील, टी-२च्या वेळी पण डेव्हलपमेंट फी घेतलीच होती.

दहिसरकर_निवांत
बापरे, एवढी माहिती! उलवेकर, राग मानू नका हो, परदेश म्हणजे आईच्या भाषेत, तिला ठाणेसुद्धा लांब वाटतं. मग सध्या करायचं काय? पुढच्या महिन्याचं तिकीट काढायचंय.

पार्लेकर_पूर्व
इंदूरचं तिकीट काढताना टर्मिनल बघून काढा, नुसतं "मुंबई" बघू नका. इंडिगोची काही फ्लाइट्स टी-१ला आणि काही टी-२ला असतात, बदलतातही, त्यामुळे आदल्या दिवशी मेसेज परत तपासा. टॅक्सीवाला विचारेल "सांताक्रूझ का सहार?", तेव्हा टी-१ म्हणजे सांताक्रूझ. चुकून दुसरीकडे उतरलात आणि दिवसाची वेळ असेल तर टॅक्सी न शोधता मेट्रो ३ पकडा, टी-१ आणि टी-२च्या मधे फक्त सहार रोड स्टेशन आहे. पहाटेच्या फ्लाइटला मेट्रो नसते. आणि बाबांना व्हीलचेअर लागत असेल तर तिकीट काढतानाच टाका, दारात मागितली की बसवून ठेवतात.

उलव्याचा_पोरगा
आणि आईंना एकदा अटल सेतूवरून इकडे आणा. टोल महाग आहे, पण थंडीत खाली फ्लेमिंगो दिसतात. तेवढ्यासाठी तरी येतील.