विषय : लाकडी कुंपणावर कोणत्या वेली चढवाव्यात?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

गेल्या नोव्हेंबरात आम्ही इंग्लंडमधील रेडिंग येथे स्वतःच्या घरात राहायला आलो. घरामागे लांबट बाग असून तिच्या दोन बाजूंना सहा फूट उंचीचे लाकडी कुंपण आहे : डाव्या हाताला सात पॅनेल आणि मागच्या टोकाला चार. जुने लाकूड करडे पडले आहे आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे राहिले की नजर थेट त्यावरच जाते. या कुंपणावर वेली चढवाव्यात असे आमच्या मनात आहे.

माझे बालपण साताऱ्यात गेले. तिथे आमच्या अंगणात जाईचा मांडव होता आणि तिन्हीसांजेला आजी कळ्या खुडून ओच्यात घेत असे. त्या ओढीने मी फेब्रुवारीत तारेच्या कड्यावर वळवलेला, गुलाबी कळ्यांनी भरलेला जॅस्मिनचा वेल दुकानातून आणला आणि मार्चच्या शेवटी कुंपणाशी लावला. एप्रिलमध्ये दोन रात्री दव गोठले आणि त्याची सारी कोवळी पाने काळी पडली. आता फक्त सुकलेल्या काड्या उरल्या आहेत. पुन्हा तीच चूक होऊ नये म्हणून विचारते : वर्षभर हिरवी राहणारी, सुगंधी, लवकर पसरणारी आणि कुंपणाला न खचवणारी वेल कोणती? मागचे कुंपण दक्षिणेला असल्यामुळे तिथे भरपूर ऊन मिळेल, असा माझा अंदाज आहे.

आपली,
रेडिंगची नवी सभासद

* * *

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र वाचून माझी पहिली बाग आठवली. मी हॅरोमध्ये गेली अठ्ठावीस वर्षे याच मातीत हात घालते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी दिशेचे पाहू, कारण तिथेच तुमचा अंदाज चुकतो आहे. बागेच्या दक्षिण टोकाला असलेल्या कुंपणाची तुमच्याकडची बाजू उत्तरेकडे तोंड करून असते आणि ती सावलीत राहते. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येत असल्याने हा फरक फारसा जाणवत नाही. इथे मात्र डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो, त्यामुळे 1.8 मीटर उंचीच्या कुंपणाची सावली जवळजवळ 6.7 मीटर लांब पडते. त्याच दिवशी मुंबईत सूर्य 47 अंशांपर्यंत चढतो आणि तेवढ्याच कुंपणाची सावली दोन मीटरांच्याही आत राहते. उन्हाळ्यात तुमच्या मागच्या कुंपणाला सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा थोडे तिरपे ऊन मिळेल, एवढेच. उलट डाव्या हाताची सात पॅनेल पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपारनंतरचे सगळे ऊन त्यांनाच मिळणार आहे आणि जाई तिथेच लावायची आहे.

आता जाईविषयी. तुमचा जो वेल गेला, तो वर्णनावरून जॅस्मिनम पॉलिअँथम असावा. तो इथे हिवाळ्याच्या शेवटी घरात ठेवण्यासाठी विकतात आणि उघड्या बागेतली कडक थंडी त्याला सोसत नाही. मोगरा आणि मधुमालती यांचेही तेच आहे : त्यांना कुंडीत ठेवावे आणि थंडीत घरात घ्यावे. बाहेर टिकणारी जाई म्हणजे जॅस्मिनम ऑफिसिनाले. ही आपल्या जाईच्या अगदी जवळच्या नात्यातली, हिमालयाच्या पट्ट्यात रानात उगवणारी, म्हणून तिला थंडीची सवय आहे. इंग्लंडच्या बागांत ती सोळाव्या शतकापासून लावली जाते. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत फुले येतात. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास कळी उमलू लागली की तिचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि तो वास तोच आहे, हे मी तुम्हाला खात्रीने सांगते. कडक थंडीत तिची पाने गळतात, हा तिचा एक दोष मान्य करावा लागेल.

वर्षभर हिरवे हवे असेल तर ट्रॅकेलोस्पर्मम जॅस्मिनॉइडीस घ्यावा. दुकानात याला स्टार जॅस्मिन म्हणतात, पण तो जाईच्या कुळातला नाही. तो चाफा, तगर आणि कण्हेरीच्या कुळातला आहे आणि देठ मोडला की तसाच पांढरा चीक येतो. हातमोजे घालूनच छाटणी करावी, कारण तो चीक काहींच्या त्वचेला सोसत नाही. पाने जाड, तुकतुकीत, थंडीत तांबूस होणारी. फुले पंख्याच्या पात्यांसारखी किंचित वळलेली आणि वास दाट. पहिली दोन वर्षे तो फारसा हलत नाही, त्यामुळे धीर धरावा लागतो. आडोशाची, उबदार जागा त्याला मानवते, म्हणून घराजवळचे पहिले पॅनेल त्याच्यासाठी राखून ठेवावे.

आणखी एका वेलीची मी मनापासून शिफारस करते, ती म्हणजे कृष्णकमळ. पॅसिफ्लोरा सेरुलिया हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, परंतु दक्षिण इंग्लंडमध्ये ते बाहेर चांगले टिकते. एखाद्या वर्षी फार थंडी पडली तर वरचे सगळे मरते आणि मे महिन्यात बुडातून पुन्हा फुटते. माझी नातवंडे लहान असताना मी त्यांना फूल हातात देऊन दाखवत असे : बाहेरची निळी-पांढरी झालर म्हणजे शंभर कौरव, त्यांच्या आत हिरवट पिवळे पाच पांडव आणि अगदी मधोमध जांभळट काळे तीन देव. इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलांना महाभारतातली मोजदाद अशी बोटांवर समजली. मात्र याची मुळे लांबवर जाऊन नवे कोंब काढतात. ते दिसताच उपटावेत, नाहीतर शेजाऱ्याच्या हिरवळीत पोहोचतात.

मागच्या सावलीच्या कुंपणासाठी मी हायड्रेंजियाची वेल सुचवते. तिचे नाव पेटिओलॅरिस. ती आपल्या मुळांनीच चिकटून चढते, सावलीत जून महिन्यात पांढऱ्या फुलांचे चपटे घोस देते आणि तिला आधाराच्या ताराही लागत नाहीत.

लावताना एक गोष्ट नक्की पाळावी. रोप कुंपणाला टेकवून लावू नये. कुंपणाच्या पायथ्याशी पाऊस पोहोचत नाही आणि तिथली माती पावसाळी आठवड्यातही कोरडी सापडते. हात घालून पाहा. खड्डा कुंपणापासून 30 ते 45 सेंटीमीटर अंतरावर घ्यावा आणि रोप काठीच्या आधाराने कुंपणाकडे झुकते ठेवावे. पहिले दोन उन्हाळे कोरड्या दिवसांत आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी मुळाशी सावकाश ओतावे. वरवर शिंपडलेले पाणी मुळांपर्यंत जात नाही.

आपली,
हॅरोची काकू

* * *

सप्रेम नमस्कार,

काकूंच्या अनुभवापुढे मी वेलींविषयी काही बोलणार नाही, परंतु हायड्रेंजियाच्या सूचनेशी मी सहमत नाही आणि त्याचे कारण स्पष्टपणे मांडतो. मुळांनी चिकटणारी वेल विटांच्या भिंतीवर शोभते. पातळ फळ्यांच्या पॅनेलवर तिच्यामुळे लाकूड ओले राहते, ते रंगवता येत नाही आणि एखादे पॅनेल मोडले तर वेल तोडल्याखेरीज बदलता येत नाही. आयव्ही या तशाच चिकटणाऱ्या वेलीचे तर विचारूच नये. शरद ऋतूत तिच्या फुलांवर मधमाश्यांची झुंबड उडते, हे तिचे मोठे पुण्य आहे, पण तिचे कोंब फळ्यांच्या फटींत शिरून जाड होतात आणि फळ्या उचकटतात.

मी मिल्टन कीन्सला राहतो. आमच्या कुंपणावर क्लेमॅटिस माँटाना नावाचा वेल होता. मे महिन्यात तो गुलाबी फुलांनी झाकून जात असे आणि आम्ही त्याला हवे तसे वाढू दिले. 18 फेब्रुवारी 2022 रोजी यूनिस वादळ आले, ज्यात आइल ऑफ वाइटवरील नीडल्स येथे ताशी 122 मैल वेगाचा झोत नोंदला गेला. आमच्याकडे वारा त्यामानाने कितीतरी कमी होता, तरीही तीन पॅनेल वेलीसकट आडवी झाली. खणून पाहिले तेव्हा लाकडी खांब जमिनीलगत कुजलेले निघाले, इतके की बोटाने भुगा होत होता. जमिनीवर खांब ठणठणीत दिसत होता, वर वेलींचे ओझे वाढत होते आणि आम्ही फक्त फुलांकडे पाहत होतो. सदाहरित वेल असेल तर हिवाळी वाऱ्यात ती शिडासारखी फुगते, हेही लक्षात असू द्यावे.

म्हणून माझी विनंती आहे की आधी प्रत्येक खांबाला खांद्याच्या उंचीवर दोन्ही तळव्यांनी जोर लावून पाहावे. बुडाशी हलला तर वेल लावण्याआधी खांब बदलावा. खांब काँक्रीटचे असतील तर पॅनेल त्यांच्या खाचांत वरून सरकवलेली असतात आणि ती वर उचलता आली पाहिजेत. अशा वेळी वेल चढवण्याची जाळी पॅनेलवर ठोकू नये. कुंपणाच्या पुढे 15 सेंटीमीटरवर वेलीसाठी स्वतंत्र लाकडी खांब 60 सेंटीमीटर खोल रोवावेत आणि त्यांच्यामध्ये 30 ते 45 सेंटीमीटरच्या अंतराने जस्त चढवलेल्या आडव्या तारा ताणाव्यात. खर्च थोडा वाढतो, पण वेलीचा भार कुंपणावर येत नाही आणि मागून हवा खेळती राहते.

दुसरे, कुंपण कोणाचे आहे ते पाहावे. घराच्या नोंदणीच्या नकाशावर सीमारेषेला इंग्रजी टी अक्षराची खूण असल्यास ती ज्यांच्या बाजूला, बहुधा त्यांचे कुंपण. शेजाऱ्यांचे असेल तर त्यांना विचारल्याशिवाय त्यात एक खिळाही मारू नये. कुंपणावर वरून जाळी बसवायचा विचार असेल तर तिच्यासह एकूण उंची 2 मीटरांच्या आत ठेवावी, त्याहून उंच करायला नियोजन परवानगी लागते.

आपला,
मिल्टन कीन्सचा काका

* * *

सप्रेम नमस्कार,

हायड्रेंजियाबाबत काकांचे म्हणणे मला पटले. माझी वेल विटांच्या भिंतीवर आहे आणि तो फरक मी लिहिताना ध्यानात घेतला नाही. सावलीच्या बाजूला त्याऐवजी मादाम आल्फ्रेद कारिएर हा 1879 सालचा चढता गुलाब लावावा. उत्तरेकडच्या बाजूलाही तो फुलतो, रंग पांढऱ्यात किंचित गुलाबी झाक असलेला आणि वास मंद, गोड. त्याच्या फांद्या सरळ वर जाऊ न देता तारांवर आडव्या बांधाव्यात, म्हणजे प्रत्येक डोळ्यातून फूलफांदी निघते. सोबत हिवाळी जाई, म्हणजे जॅस्मिनम न्यूडिफ्लोरम, ठेवावी. तिला वास अजिबात नाही, परंतु पान नसलेल्या हिरव्या काड्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पिवळी फुले येतात, आणि ज्या महिन्यांत खिडकीबाहेर पाहावेसे वाटत नाही नेमक्या त्याच महिन्यांत येतात. ती स्वतः चढत नाही, दर वर्षी बांधावी लागते.

लवकर झाकण्याची घाई असेल तर या वर्षापुरता लाल फुलांचा घेवडा तारांवर चढवावा. इथे त्याला रनर बीन म्हणतात. मे महिन्याच्या शेवटी बी थेट मातीत टाकले तर ऑगस्टपर्यंत दोन मीटर उंच हिरवा पडदा होतो आणि कोवळ्या शेंगांची ओले खोबरे घातलेली भाजी फार चांगली लागते. झटपट झाकणारी वेल म्हणून कोणी रशियन व्हाइन सुचवली तर मात्र घेऊ नका. ती कुंपण, छप्पर आणि शेजाऱ्यांचे झाड, काहीच सोडत नाही.

आपली,
हॅरोची काकू

* * *

काकू आणि काका, दोघांचेही मनापासून आभार.

शनिवारी सकाळी फोनवरचे होकायंत्र लावून पाहिले. काकूंनी म्हटल्याप्रमाणेच मागचे कुंपण उत्तरेकडे तोंड करून आहे. सकाळी अकरा वाजताही तिथल्या मातीवर शेवाळ ओले होते. नकाशावरील टीची खूण मागच्या सीमेला आमच्या बाजूने आहे, डाव्या सीमेला शेजाऱ्यांच्या बाजूने. त्यांच्या आजीबाईंना दारावर जाऊन विचारले. कुंपणाला हात न लावता पुढे वेगळे खांब रोवणार म्हटल्यावर त्यांनी आनंदाने होकार दिला आणि फुले त्यांच्या बाजूला आली तर कापू नका, असे स्वतःहून सांगितले.

खांब तपासले तेव्हा मागच्या चार पॅनेलांमधला एक लाकडी खांब बुडाशी हलला. तो आधी बदलून घेणार आहोत, म्हणून गुलाब आणि हिवाळी जाई ऑक्टोबरात लावू. डाव्या बाजूला नव्या खांबांवर चार तारा ताणून झाल्या आहेत आणि घेवड्याचे बी भिजत घातले आहे. घराजवळच्या पॅनेलपाशी स्टार जॅस्मिन लावला. खड्डा खणताना कुंपणालगतची माती खरोखरच विटेसारखी कोरडी लागली, म्हणून खड्डा 40 सेंटीमीटर पुढे घेतला. कृष्णकमळासाठी शेवटचे पॅनेल ठेवले आहे. माझ्या सात वर्षांच्या लेकीला कौरव-पांडव मोजायचे आहेत, त्यामुळे ते याच वर्षी आणावे लागेल.

जाईचे रोप मात्र अजून घेतलेले नाही. काकू, तुमच्या वेलीची एखादी फांदी मातीत दाबून कलम करता येईल का? दुकानातल्यापेक्षा तेच इथे लावावे असे वाटते.

आपली,
रेडिंगची सभासद

* * *

नव्याने दाबकलम करण्याची गरज नाही. गेल्या उन्हाळ्यात जमिनीला टेकलेली एक फांदी मी दगडाखाली दाबून ठेवली होती. तिला मुळे फुटली आणि मार्चमध्ये तोडून कुंडीत घेतले. आता तीन फुटी झाली आहे. रविवारी दुपारी चारनंतर घरीच आहे, लेकीलाही घेऊन या. गाडीत कुंडी उभी राहील अशी एक बादली सोबत असू द्यावी.

हॅरोची काकू