पाळकाने कायदा वाकवून समुपदेशन करावं का? (हॉवर्ड मूडी यांच्या निमित्ताने)

नदीकाठ
हॉवर्ड मूडी हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून आधी माणूस सांगते, मग भांडूया. जन्म १९२१ चा, टेक्सासमधल्या डॅलसचा. दुसऱ्या महायुद्धात मरीन म्हणून पॅसिफिकमध्ये होते, नंतर येल डिव्हिनिटी स्कूलमध्ये शिकले, आणि १९५६ पासून थेट १९९२ पर्यंत न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या जडसन मेमोरियल चर्चचे मुख्य पाळक. पंथ बॅप्टिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांमधलाच एक. हेरॉइनमध्ये अडकलेल्या पोरांसाठी काम केलं, वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कात गाणाऱ्यांवर १९६१ ला बंदी आली तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले, नर्तक-चित्रकारांना चर्चचा हॉल मोकळा करून दिला.

पण धागा काढलाय तो १९६७ साठी. त्या वर्षी २२ मे ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली की शहरातले २१ धर्मगुरू, म्हणजे १९ प्रोटेस्टंट पाळक आणि २ रबाय (ज्यू धर्मगुरू), नको असलेल्या गर्भारपणात अडकलेल्या बायकांना सल्ला देणार आणि चांगल्या डॉक्टरकडे पाठवणार. संस्थेचं नाव क्लर्जी कन्सल्टेशन सर्व्हिस ऑन अबॉर्शन, पुढाकार मूडींचा. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बाईचा जीव वाचवण्यासाठीच गर्भपात कायदेशीर होता, बाकी सगळा गुन्हा. पैसेवाल्या विमानाने बाहेरच्या देशात जाऊन करून यायच्या आणि बाकीच्या कुणाच्या तरी मागच्या खोलीत जीव धोक्यात घालायच्या.

पद्धत साधी होती. फोन लावला की रेकॉर्ड केलेला आवाज त्या वेळी उपलब्ध असलेल्या पाळकांची नावं सांगायचा. बाईने डॉक्टरची चिठ्ठी घेऊन यायचं, समोरासमोर बसून बोलायचं, फी शून्य. मग तिचाच निर्णय पक्का असेल तर डॉक्टरचं नाव मिळायचं, बहुतेक वेळा राज्याबाहेरचं, म्हणजे कायद्याचं त्रांगडं वाढायचं आणि पोलिसांना खटला उभा करणं अवघड जायचं. पुढे हे जाळं देशभर पसरलं, हजाराच्या वर धर्मगुरू त्यात आले आणि लाखो बायका त्यातून गेल्या.

माझं म्हणणं असं की पाळकाचं समुपदेशन आणि सामाजिक न्यायाचं काम ही दोन वेगळी खाती नाहीतच. बंद दाराआड एका बाईचं दुःख ऐकायचं, "प्रार्थना करतो" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या दुःखाचं कारण असलेल्या कायद्यापुढे गप्प बसायचं, हे मला पटत नाही. मूडी गप्प बसले नाहीत म्हणून मला ते मोठे वाटतात. तुम्हाला काय वाटतं?

सरळरेषा
मला मुळीच पटलं नाही. कायदा चुकीचा वाटतो तर तो बदलायला मोर्चा काढा, आमदार-खासदार गाठा, कोर्टात जा. पाळक, पुजारी, मौलवी यांनी आपापल्या विवेकाला विचारून कुठला कायदा पाळायचा ते ठरवायला लागलं तर उद्या दुसरा एखादा धर्मगुरू त्याच तर्काने वेगळंच काहीतरी करेल आणि तेव्हा हेच लोक ओरडतील की धर्माने कायद्यात नाक खुपसू नये. तुम्ही म्हणता बाकीच्या बायका मागच्या खोलीत, मान्य, वाईट आहे. पण धर्मगुरूच्या झग्याचं वजन वापरून पोलिसांना हात लावायला लाजायला लावायचं, ही ताकद साध्या माणसाकडे नसते, आणि ती त्यांनी वापरली हे तरी कबूल करा.

नदीकाठ
वापरली, आणि मुद्दामच वापरली, त्यात लपवण्यासारखं काय आहे? चोरून केलं असतं तर तुमचं म्हणणं मानलं असतं. यांनी पेपरात नावं छापून आणली, या अटक करा म्हणाले. आणि सगळेच सुटले असं नाही, क्लीव्हलंडच्या एका प्रेस्बिटेरियन पाळकावर १९६९ ला मॅसॅच्युसेट्समध्ये खटला भरला होता. सविनय कायदेभंग आपल्याला नवा नाही ना दादा, मिठाच्या वेळी पण कायदा होताच की.

सरळरेषा
मिठात दुसरा जीव नव्हता.

वाडीचा_सुनील
सरळरेषा यांनी शेवटी जे लिहिलं तोच मूळ मुद्दा आहे, बाकी सगळं वरवरचं. मी नगरकडचा, घरात तीन पिढ्या मराठी ख्रिस्ती, आजोबा पाळक होते. आमच्याकडे पाळकसाहेब म्हणजे बारशापासून मातीपर्यंत सगळीकडे असणारा माणूस, कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना सगळ्यात आधी कळायचं. त्यामुळे समुपदेशन म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नाही. पण स्तोत्र १३९ वाचा, आईच्या उदरात देवानेच मला घडवलं असं त्यात स्वच्छ आहे. पाळकाने पाप्याला जवळ करावं, त्याच्या घरी जेवावं, तुरुंगात भेटावं, अगदी शंभर टक्के. पण पापाच्या दारापर्यंत हात धरून नेऊ नये. मूडींच्या मंडळीत असतो तर मी उपासनेला दुसरीकडे गेलो असतो, आणि जाताना त्यांना तोंडावर सांगून गेलो असतो.

एक गोष्ट मात्र इथल्या लोकांना सांगावीशी वाटते कारण ती आपल्याशी जोडलेली आहे. जडसन चर्च ज्यांच्या नावाने आहे ते मिशनरी अडोनिराम जडसन १८१२ ला अमेरिकेतून निघाले ते गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांच्याच तुकडीत. जडसन कलकत्त्यात बॅप्टिस्ट झाले आणि ब्रह्मदेशात गेले, हॉल आणि नॉट १८१३ ला मुंबईत उतरले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. ज्या मिशनमुळे आमच्या घरात बायबल आलं ते हेच. एकाच तुकडीतले लोक, म्हणून मला मूडी परके वाटत नाहीत, आणि म्हणूनच राग जास्त येतो.

सिस्टर_कुसुम
सुनीलभाऊ, तुमच्या श्रद्धेचा मान राखूनच लिहिते. मी नर्स होते, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ ला झाला आणि १९७२ च्या एप्रिलपासून लागू झाला, त्याच्या आधी मी शिकाऊ होते एका सरकारी दवाखान्यात. काडी घालून घेतलेल्या बायका रात्री यायच्या. ताप १०४, पोट लाकडासारखं कडक, ओठ पांढरे, आणि वास असा की वॉर्डच्या दारातच कळायचं कुठली केस आहे. विचारलं तर म्हणायच्या पडले, घसरले. नवरा नाहीतर सासू बाजूला उभी, त्यामुळे खरं बोलायची सोय नाही. त्यातल्या किती घरी गेल्या आणि किती नाही ते मी सांगत बसत नाही. त्या बाईला त्या आधी एक तरी माणूस भेटायला हवा होता जो तिला न रागावता ऐकेल आणि सांगेल की इथे जा, हा डॉक्टर हात धुतो. पाळक असो नाहीतर आणि कोणी. दुसरा जीव दुसरा जीव म्हणता, पहिला जीव माझ्या हातात गेलेला आहे.

दोनपत्री
कुसुमताई, वाचून बसून राहिले. पण मी समुपदेशक आहे आणि मला मूडींबद्दल वेगळीच शंका आहे. समुपदेशनात आपण समोरच्याला कुठेही ढकलायचं नसतं. आता ज्या संस्थेच्या नावातच गर्भपात आहे तिथे गेलेल्या बाईला खरंच मोकळा निर्णय घेता येत होता का? समोर बसलेला माणूस पाळक, म्हणजे अधिकाराची खुर्ची. तो काही न बोलता नुसता मान डोलावला तरी तिला वाटणार देवाची परवानगी मिळाली. हे ओझं पाळकाने घ्यावं का? मी बाजू घेत नाहीये, पण "ऐकणं म्हणजेच न्याय" असं नदीकाठ म्हणतात ते इतकं सोपं नाही. न्यायाचा झेंडा हातात असलेला माणूस नीट ऐकू शकतो का हा माझा प्रश्न आहे.

नदीकाठ
प्रश्न खरा आहे दोनपत्रीताई. माझं उत्तर असं की नाव छापलेलं असणं हाच प्रामाणिकपणा होता. बाईला आधीच माहीत असायचं ती कुठे चाललीय. आणि उलट बाजू बघा ना, तेव्हाच्या हॉस्पिटलमध्ये गर्भपात हवा असेल तर डॉक्टरांच्या कमिटीपुढे जायचं, मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहून आणायचं की ही जीव देईल, म्हणजे वेडी ठरवून घ्यायचं. त्यापेक्षा पाळकाच्या खोलीत नॉर्मल बाई म्हणून बसणं जास्त मोकळं नाही का? मूडी स्वतः या फंदात पडले त्याचं कारणच ते, जडसनमध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत एका अडलेल्या बाईसोबत ते डॉक्टर शोधत फिरले होते, त्यामुळे कायदा माणसाला कुठल्या कुठल्या दारात उभा करतो ते त्यांनी पाहिलेलं होतं.

पुणेकर_भोर
सगळे अमेरिकेत फिरताय, जरा घरी या. १८६३ ला जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर ठेवून जा. त्यातल्याच काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. म्हणजे आई पण जगली, मूल पण जगलं, आणि समाजाशी लढाई पण झाली, घरात आणून झाली. न्यायाचा रस्ता एकच असतो आणि तो डॉक्टरच्या टेबलाकडेच जातो असं कुणी सांगितलं? मूडींनी चर्चच्या वर चार खोल्या काढून त्या बायकांची बाळंतपणं का केली नाहीत? मला पाळकाकडून ती अपेक्षा जास्त आहे.

वाडीचा_सुनील
हेच. मला सुचत नव्हतं ते तुम्ही लिहिलंत.

नदीकाठ
भोरकर, आत्तापर्यंतचा सगळ्यात दमदार मुद्दा तुमचा. पण फुल्यांच्या गृहात मूल ठेवायचं की न्यायचं हे बाईच्या हातात होतं. अमेरिकेत त्या काळी असली घरं होतीच, ढिगाने होती, पुष्कळशी चर्चवाल्यांनीच चालवलेली. लग्न न झालेल्या मुलीला पोट दिसायच्या आत तिकडे पाठवायचे, गावात सांगायचे मावशीकडे गेलीय, आणि बाळंत झाली की कागदावर सही घेऊन मूल दत्तक द्यायचे. कितीतरी जणींनी म्हातारपणी सांगितलंय की आम्हाला कुणी विचारलंच नाही. म्हणजे खोल्या होत्या, विचारणारं कुणी नव्हतं. आणि चार लेकरं पदरी असलेली, नवऱ्याने टाकलेली बाई त्या घरात राहायला जाणार कशी?

तिसरामजला
सगळे मूडी मूडी करताय म्हणून लिहितो, आर्लीन कारमेनचं नाव कुणी घेतलंच नाही. जडसन चर्चची प्रशासक. कुठला डॉक्टर चांगला आणि कुठला कसाई हे पाळकांना कसं कळणार? ही बाई स्वतः गर्भार असल्याचं सांगून त्यांच्याकडे जायची, दवाखाना बघायची, तो कसा बोलतो, स्वच्छता आहे का, पैशाचं काय म्हणतो, आणि मग नाव यादीत ठेवायचं की काढायचं ते ठरायचं. पैसे जास्त मागतो त्याच्याशी घासाघीस पण व्हायची, कारण ज्याच्याकडे एवढ्या बायका पाठवतोय त्याला दर कमी करायला सांगायची ताकद येते. सरळरेषा म्हणतात झग्याचं वजन, मला विचाराल तर झगा पुढे होता पण काम या बाईच्या तपासणीवर उभं होतं. पाळकांच्या करिअरवर लिहिताना अशी माणसं नेहमी सुटतात.

आणि सुनील, तुम्हाला एक सांगतो, १९७१ ला सदर्न बॅप्टिस्टांनीच (अमेरिकेतली बॅप्टिस्टांची मोठी संघटना) सेंट लुईसच्या अधिवेशनात ठराव केला होता की बलात्कार, गर्भातला गंभीर दोष, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा वेळी गर्भपाताला परवानगी देणारा कायदा असावा. म्हणजे आज आपण जिथून "बॅप्टिस्ट म्हणजे विरोध" असं धरून चालतो ते तेव्हा तितकं ठरलेलं नव्हतं.

वाडीचा_सुनील
ठराव बदलतात, वचन बदलत नाही. आणि बॅप्टिस्टांमध्ये बिशप नसतो, प्रत्येक मंडळी आपली आपण, म्हणून मूडींना कुणी वरून थांबवू शकलं नाही. आमच्याकडे बिशपने एका पत्रात विषय संपवला असता.

नदीकाठ
आणि तेच मला त्यांच्या परंपरेतलं सगळ्यात चांगलं वाटतं. देवापुढे प्रत्येकाचा विवेक मोकळा, मध्ये कुणी नाही. मूडींनी तो मोकळेपणा फक्त स्वतःसाठी न ठेवता समोर बसलेल्या बाईला दिला.

सरळरेषा
बर्नार्ड नेथनसनचं काय मग? न्यूयॉर्कने १ जुलै १९७० पासून गर्भपात कायदेशीर केला, त्यानंतर याच लोकांनी क्लिनिक उभं केलं आणि हा डॉक्टर तिथे प्रमुख होता. नंतर तोच माणूस उलटला आणि आयुष्यभर विरोधात बोलत राहिला. आत राहून ज्याने बघितलं त्याचंही ऐका.

सिस्टर_कुसुम
ऐकते की. ऐकायला माझी कधीच ना नाही. पण डॉक्टरचं मन बदललं म्हणून माझ्या वॉर्डातली बाई परत येत नाही.

तिसरामजला
क्लिनिक काढलं ते पण बघा कशासाठी. कायदा झाला म्हणून काम संपलं असं न म्हणता, स्वस्तात आणि माणसासारखं वागवणारी जागा हवी म्हणून. आणि १९७३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा रो विरुद्ध वेडचा, म्हणजे देशभर गर्भपाताचा हक्क मान्य करणारा निकाल आल्यावर मूडी आणि कारमेन निवांत बसले नाहीत, पुढे रस्त्यावर धंदा करणाऱ्या बायकांसाठी काम सुरू केलं. गाडी उभी करायची, कॉफी द्यायची, बसायला जागा द्यायची. धंदा सोड असं कुणी म्हणायचं नाही, आधी विचारायचं तुला काय लागतं. दोनपत्रीताई, तुम्ही विचारलं होतं झेंडा घेतलेला माणूस ऐकू शकतो का.

दोनपत्री
हे वाचून थोडं बरं वाटलं. पहिल्या कामाबद्दलची शंका जात नाही, पण न ढकलता बसायला जागा देणं, हे मी ज्याला समुपदेशन म्हणते त्याच्या जवळ आहे.

वाडीचा_सुनील
त्या गाडीत मी पण कॉफी द्यायला उभा राहिलो असतो, मनापासून सांगतो. गर्भपाताच्या फोनवर मात्र माझं नाव कधीच आलं नसतं. कुसुमताई, तुमच्या वॉर्डातल्या बायकांसाठी मी काय केलं असतं याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, पण भोरकरांनी म्हटलं त्या चार खोल्यांपासून सुरुवात केली असती, आणि मूल न्यायचं की ठेवायचं ते तिला विचारून.