नैरोबी की दार-ए-सलाम? लेकराबाळांसह तीन वर्षांसाठी कुठं बरं पडेल

वाळूजकर
कंपनी तीन वर्षांसाठी आफ्रिकेत पाठवतेय, काम दुचाकी-तीनचाकीच्या सर्व्हिसचं. केनियात नैरोबी किंवा टांझानियात दार-ए-सलाम, निवड आमच्यावर. डॉलरमधला पगार दोन्हीकडं सारखाच. सोबत बायको आणि दोन लेकरं, एक चौथीत, एक बालवाडीत. मानव विकास निर्देशांकात (आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न यांवरून देशाला दिलेला आकडा) केनिया पुढं दिसतो (२०२२ चे आकडे: केनिया ०.६०१, टांझानिया ०.५३२). मग डोळे झाकून नैरोबी धरावं का? घर, पाणी, आजारपण, हातात काय उरतं ते सांगा. "दोन्ही छान आहेत" असलं उत्तर नको.

दुधनाकाठ
निर्देशांक बाजूला ठेवा. त्याच तक्त्यात सरासरी आयुर्मान बघा, तिथं टांझानिया केनियाच्या पुढं आहे. देशाची सरासरी तुमच्या फ्लॅटला लागू होत नसते.

तुमच्यासाठी खरा फरक उंचीचा. नैरोबी सुमारे १,७०० मीटरवर, जुलैत स्वेटर लागतं. दार-ए-सलाम (आपण नुसतं 'दार' म्हणू) समुद्राला खेटून. आपण म्हणतो, परभणीचं ऊन काढलंय, दारचं काय घेऊन बसलात! पण आपलं ऊन कोरडं असतं. तिथल्या ओल्या हवेत कूलर काहीच कामाचा नाही, कारण पाणी उडतच नाही. एसी लागतोच. वीज दोन्हीकडं प्रीपेड: पैसे भरले की २० अंकी टोकन येतो, तो मीटरवर दाबायचा. दारमध्ये याला 'लुकू' म्हणतात. रात्रभर एसी चालवून युनिट संपले की पहाटे अंधार, म्हणून झोपण्याआधी मीटर बघायची सवय लावा.

डासांचंही गणित उंचीचंच. नैरोबी शहरात मलेरिया कमी, पण केनियातल्याच कमी उंचीवरच्या मोंबासा किंवा किसुमूला कामासाठी गेलात की धोका आलाच. दारमध्ये तो बारा महिने. मच्छरदाणी औषध लावलेलीच घ्या आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा.

इथं चूक होते ती सुट्टीवर गावी आल्यावर. ताप आला की आपल्याकडं आधी डेंगी-टायफॉइड बघतात. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात "आफ्रिकेतून आलोय" म्हणून सांगा. तिकडचा मलेरिया बहुतेक फॅल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात घातक प्रकारचा, एक-दोन दिवसांतही गंभीर होऊ शकतो.

मोंढा_नाका
घराचं सांगतो. नैरोबीत भाडं महिन्याचं, वर अनामत. दारमध्ये मालक सहा महिन्यांचं, कधी पूर्ण वर्षाचं भाडं एकरकमी मागतो. ती उचल कंपनी देणार का, ते निघण्याआधी लिहून घ्या. आपली माणसं नैरोबीत पार्कलँड्स-वेस्टलँड्स, दारमध्ये उपांगा-किसुटू भागात जास्त.

घर बघताना आधी पाण्याची टाकी बघा, मग फरशी. नैरोबीत पालिकेचं पाणी पाळीनं येतं, बाकी दिवस बोअर नाहीतर टँकर. तिथल्या बोअरला फ्लोराइड जास्त लागतं, आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. आरओ हवाच, लहान लेकरांच्या दातांचा प्रश्न आहे. दारमध्ये किनाऱ्याजवळची बोअर खारी. नळ सोडून घोटभर पाणी चाखा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

प्लग: केनियात चौकोनी तीन पिनांचा. टांझानियात तोही चालतो आणि आपला गोल पिनांचाही काही ठिकाणी बसतो. मिक्सर चालेल, अडॅप्टर मात्र भारी क्षमतेचा घ्या.

ज्वारीची_भाकर
वहिनींसाठी लिहिते. तुरीची काळजी दोन्हीकडं नको. लातूरच्या बाजारात 'अरुषा' आणि 'मटवारा' नावानं जी आयात तूर येते, ती टांझानियाचीच. तिकडं तिला 'म्बाझी' म्हणतात. ज्वारी म्हणजे 'म्तामा', पण तयार पीठ बहुधा लापशीसाठी केलेलं असतं. शिळ्या पिठाची भाकरी थापताना कडेनं चिरते, म्हणून दाणे आणून गिरणीतून दळून घ्या. गॅसची टाकी केनियात १३ किलोची, टांझानियात १५ ची.

चटण्या-पापड नेताना कॅरी बॅगा टाळा, दोन्ही देशांत बंदी आहे (केनिया २०१७, टांझानिया २०१९). डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा.

थोरल्याच्या शाळेसाठी मी दारकडं झुकेन, तिथं सीबीएसई आहे आणि परत आल्यावर सातवीत बसवणं सोपं जाईल. नैरोबीत बहुतेक चांगल्या खाजगी शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या. आणि हो, वहिनींना तिकडं पार्लर टाकायचं मनात असेल तर सोडून द्या. टांझानियानं २०२५ मध्ये परदेशी माणसांना सलून, मोबाइल दुरुस्ती असे १५ छोटे धंदे बंद केलेत. नोकरी करायची तरी दोन्हीकडं स्वतंत्र परवाना लागतो.

हिशेबनीस
"डॉलरमध्ये सारखाच" हे फसवं आहे. केनियात महिना ३२,३३३ केनियन शिलिंगांच्या वर ३० टक्के कर, ५ लाखांच्या वर ३२.५ आणि ८ लाखांच्या वर ३५. शिवाय आरोग्य निधीचे २.७५ आणि घरकुलाचे १.५ टक्के कापतात. टांझानियात महिना १० लाख टांझानियन शिलिंगांच्या वर ३० टक्के आणि तिथंच थांबतं, पण भविष्य निधीला तुमच्या वाट्याचे १० टक्के जातात. ते निघताना परत कसे मिळतील, लेखी विचारा. करारात "हातात पडणारा पगार" असा शब्द घाला, म्हणजे कर कंपनीच्या डोक्यावर.

शक्यतो सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याआधी निघा. नोकरीसाठी जाणारा त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर तो अनिवासी ठरतो, आणि तिकडच्या पगारावर इथं कर लागत नाही. मात्र मार्चपर्यंत मध्येच गावी आलात तर तेही दिवस मोजले जातात.

वाळूजकर
सगळ्यांचे आभार. बायको दारच्या बाजूनं झाली, शाळेमुळं. पिवळ्या तापाची लस टांझानियाला लागते का?

दुधनाकाठ
भारतातून थेट गेलात तर तिथं मागत नाहीत. वाटेत नैरोबी किंवा अदिस अबाबाला, म्हणजे पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशात, १२ तासांहून जास्त थांबलात तर मागतात. तरी घेऊनच जा, कामासाठी केनियात जाऊन परत भारतात उतरलात आणि लसीचं कार्ड नसलं, तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस निघण्याआधी किमान १० दिवस हवी, एकदा घेतली की जन्मभर चालते. केंद्रं मोजकीच, आधी नाव लावा.

रिक्षाला दारमध्ये 'बजाजी'च म्हणतात, त्यामुळं कामाची ओळख करून द्यावी लागणार नाही. फक्त वेळ नीट ऐका. स्वाहिलीत घड्याळ सकाळी सहापासून मोजतात. गिऱ्हाईक 'सा तातू', म्हणजे तीन वाजता, म्हणालं तर तो सकाळी नऊला दारात उभा असेल.